‘विकायची आहे का?’ : वडिलांच्या आरएक्स १०० साठी अनोळखी माणसांच्या मागण्या, काय उत्तर द्यावे?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे वडिलांची यामाहा आरएक्स १०० आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांनी ती नवी कोरी घेतली. रंग काळा आणि मूळचाच. टाकीच्या डाव्या बाजूला एक पोचा आहे, तो मी नववीत असताना न विचारता गाडी बाहेर काढली त्या दिवसाचा. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा मी गाडी बाहेर काढतो, एरवी ती अंगणात झाकलेली असते. विमा मी दर वर्षी ऑनलाइन भरतो आणि पीयूसीही चालू आहे.

अडचण अशी आहे की ही गाडी घेऊन बाहेर पडलो आणि कोणी ‘विकायची आहे का?’ असे विचारले नाही, असा दिवस आता उरलेला नाही. सिग्नलला शेजारी उभा राहिलेला मुलगा विचारतो, मंडईत भाजी बांधून देणारा विचारतो. सुरुवातीला त्याचे कौतुक वाटायचे. गेल्या दोन महिन्यांत मात्र तीन प्रसंग असे घडले की मला हा विषय गंभीरपणे विचारावासा वाटला.

मिरज रस्त्यावरच्या एका पंपावर पेट्रोल भरत असताना तिशीतला एक माणूस जवळ आला, काहीही न बोलता हँडलखाली वाकला, मानेवरच्या चेसिस नंबरावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढला. मी हटकल्यावर ‘ओरिजिनल आहे का बघत होतो, पंचेचाळीस देतो’ असे म्हणाला. त्यानंतर पंधरा दिवसांनी बाजारात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटखाली खोचलेली एक चिठ्ठी मिळाली. वहीचे फाडलेले पान, त्यावर मोबाईल क्रमांक आणि ‘रोख देतो, कागद नसले तरी चालेल’ एवढाच मजकूर. तिसरा प्रसंग घरीच घडला. मी कामावर असताना दोघे जण आले आणि ‘तुमच्या मुलाने गाडी बघायला बोलावले आहे’ असे आईला सांगितले. आई जुन्या वळणाची. तिने त्यांना बसवले, चहा दिला आणि त्यांनी मागितले म्हणून कपाटातून आरसी काढून दाखवली. त्यांनी आरसीचा फोटो काढला आणि ‘एक लाख दहा हजारांपर्यंत जाऊ’ असे सांगून निघून गेले. मी कोणालाही बोलावलेले नव्हते.

गाडी विकायची माझी इच्छा नाही. आईचे म्हणणे असे की एवढे पैसे मिळत असतील तर उभी राहून गंजण्यापेक्षा कोणाच्या तरी उपयोगी पडू दे. मला विचारायचे ते असे : बंद होऊन इतकी वर्षे झालेल्या शंभर सीसीच्या गाडीमागे लोक एवढे का लागले आहेत? नको म्हणूनही न ऐकणाऱ्याला काय सांगावे? मित्र म्हणतो, ‘पाच लाख’ सांगून टाक, पुन्हा कोणी विचारणार नाही. आणि आरसीच्या फोटोवरून काही गैरप्रकार होऊ शकतो का? दिवाळीपूर्वी तो पोचा काढून टाकी नव्याने रंगवून घेण्याचाही विचार आहे. त्याबद्दलही कोणाला काही सुचवायचे असेल तर जरूर सांगावे.

जुनी_किक (कोल्हापूर)

सर्वप्रथम टाकीला हात लावू नका. त्याचे कारण पुढे येईल.

मी पस्तीस वर्षे दुचाकींचे काम केले आणि त्यांतली निम्मी वर्षे आरएक्सच्या संगतीत गेली. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांनी ही गाडी १९८५ मध्ये आपल्याकडे आणली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अठ्ठ्याण्णव सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, अकरा हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. हा हिशेब जमून आल्यामुळे ती ज्या तडफेने उचलते, त्या तडफेची हलकी गाडी त्यानंतर सर्वसामान्य माणसाच्या हाती फारशी आली नाही. धुराचे नियम कडक होत गेले तशा टू-स्ट्रोक मोटरसायकली एकेक करून बाजारातून गेल्या, त्यामुळे नव्याची आशा नाही. जुन्यांपैकी पुष्कळ गाड्या पोरांनी सायलेन्सर कापून, पोर्ट घासून आणि वाटेल ते रंग फासून संपवल्या. म्हणून एका मालकाची, मूळ रंगाची आणि चालू कागदांची गाडी दिसली की माणूस रस्त्यात थांबतो. त्यात नवल काही नाही.

परंतु थांबणारा प्रत्येक जण एकाच कारणासाठी थांबत नाही, आणि आपल्या तीन प्रसंगांत मला तीन वेगळी माणसे दिसतात. चिठ्ठीवाल्याला कागद नकोत, याचा अर्थ त्याला गाडी चालवायचीच नाही. तो ती उघडून विकणार. मूळ इंजिन ब्लॉक, कार्ब्युरेटर, साईड पॅनेल, मीटर यांना सुटे गिऱ्हाईक आहे, आणि सुट्या भागांची बेरीज अख्ख्या गाडीपेक्षा जास्त होते. तो माणूस चोर असेलच असे नाही, पण आपली गाडी आठ दिवसांत आठ गावांना जाईल. पंपावरचा मनुष्य चेसिस नंबर पाहत होता. अंगठ्याने पुसून पाहणे ही दलालाची सवय असते, कारण ठोकलेला नंबर मूळचा की घासून पुन्हा ठोकलेला हे त्या जागी लगेच समजते. भाव कमी सांगितला तोही त्यामुळेच, त्याला तो पुढे दुप्पट करायचा आहे.

मला काळजी वाटते ती घरी आलेल्या दोघांची. त्यांनी गाडीची किक मारून पाहिली का, हे आईंना विचारा. ज्याला गाडी हवी तो आधी आवाज ऐकतो. गाडीकडे न पाहता जो आरसी मागतो त्याला बहुधा कागदच हवे असतात. चोरीची, त्याच रंगाची आणि त्याच सुमाराची गाडी हाताशी असेल तर आपला क्रमांक त्या गाडीच्या पाटीवर जातो, आणि धीट माणूस असेल तर आपला चेसिस नंबर तिच्या मानेवरही ठोकला जातो. असे काम गॅरेजात घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत आणि हाकललीही आहेत.

टाकीचे कारण हेच. उद्या आपल्या क्रमांकाची दुसरी गाडी कुठे पकडली गेली किंवा तिचे चलन आपल्या नावावर निघाले, तर त्या फोटोतल्या टाकीला तो पोचा नसेल. आजच्या आज गाडीचे चारही बाजूंनी आणि पोच्याचा जवळून, असे तारखेसह फोटो काढून ठेवा. शिवाय मूळ रंग गेला की गाडीची निम्मी कहाणी जाते. रंगारी कितीही चांगला असला तरी कारखान्याचा रंग तो परत देऊ शकत नाही.

‘पाच लाख’ हे उत्तर मात्र चुकूनही देऊ नका. आकडा तोंडातून निघाला की त्या माणसाच्या दृष्टीने गाडी विक्रीला निघाली. तो ‘साडेचार’ म्हणत आपल्या दारापर्यंत येईल आणि गावभर सांगेल की अमुक ठिकाणी गाडी द्यायची आहे, मालक फक्त भावाला अडलाय.

कलम_पन्नास (पुणे)

जुनी_किक यांनी गाडीबद्दल लिहिले, मी कागदाबद्दल लिहितो. आपल्या प्रश्नातले एक वाक्य आपण सहज लिहून गेलात, पण माझे लक्ष तिथेच अडकले. वडील दोन वर्षांपूर्वी गेले आणि विमा आपण दर वर्षी ऑनलाइन भरता. नाव कोणाचे आहे? आरसीवर अजून वडिलांचेच नाव असेल आणि विमाही त्यांच्याच नावावर पुढे चालू ठेवला असेल, तर अनोळखी माणसांपेक्षा मोठा प्रश्न आपल्या कपाटातच आहे.

वाहनमालकाचा मृत्यू झाल्यावर ज्याच्या ताब्यात वाहन येते, त्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा, अशी केंद्रीय मोटार वाहन नियमांत तरतूद आहे. वाहन आपल्या नावावर झाल्याप्रमाणे वापरण्याची मुभा त्या तीन महिन्यांपुरतीच असते. विम्याचेही तसेच. एकट्या विमाधारकाचा मृत्यू झाल्यास पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालू राहते, अशी अट सर्वसाधारण मोटार पॉलिसीत छापलेलीच असते. त्यानंतर दिवंगत व्यक्तीच्या नावाने हप्ता भरत राहिल्यास पावती मिळते, पण अपघात झाल्यावर कंपनी तिच्याकडे कसे पाहील याची खात्री मी तरी देणार नाही. तेव्हा कोणाला काय उत्तर द्यावे याच्या आधी नमुना ३१ भरावा. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि आईंसह इतर वारसांची संमती लागेल. मुदत उलटून गेल्याने दंड पडेल, पण दार बंद होत नाही. वाहन आपल्या नावावर झाले की त्या नोंदीला आपला मोबाईल क्रमांक जोडून घ्या, म्हणजे चलन निघाल्यास संदेश आपल्याला येईल. आज तो बहुधा वडिलांच्या बंद पडलेल्या क्रमांकावर जात असेल.

जुन्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांक पाटी (एचएसआरपी) महाराष्ट्रात बंधनकारक झाली आहे. ती बसवली नसेल तर आरटीओतले हस्तांतरणाचे काम अडते, म्हणून ते आधी उरकावे. नोंदणीचे नूतनीकरण पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांचे असते. आपल्या गाडीचे २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ ला झालेले असायला हवे, म्हणजे पुढची पाळी २०२७ ची. वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी हे शुल्क २०२५ मध्ये दोन हजार रुपये झाले आहे, तेही ध्यानात असू द्यावे.

आईंचा विचार उद्या आपल्यालाही पटला आणि गाडी द्यायची ठरली, तर एक गोष्ट कधीही करू नये. सह्या केलेले कोरे नमुना २९ आणि ३० (विक्री कळवण्याचे आणि नाव बदलण्याचे अर्ज) कोणाच्या हाती देऊ नयेत. रस्त्यात गाडी मागणारे दलाल हेच मागतात. त्यांना गाडी स्वतःच्या नावावर करायची नसते, पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती आपल्याच नावावर फिरवायची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. नोंद बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक आपणच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २००७ साली विकलेली एक मोटार हातोहात पुढे जात राहिली, नोंदणीवरचे नाव मात्र पहिल्या मालकाचेच राहिले. २००९ मध्ये तिच्याखाली एकाचा मृत्यू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. अपघात झाला तेव्हा गाडी हातून जाऊन जवळपास दोन वर्षे झाली होती.

आरसीच्या फोटोबद्दल : केवळ फोटोवरून गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, पण बनावट पाटीचा धोका वर सांगितला आहे तो खरा आहे. घडलेला प्रकार साध्या शब्दांत लिहून जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. त्या दोघांना शोधायला कोणी निघणार नाही, परंतु पुढे काही झाल्यास ही पोच कामी येते.

वाटेवरचा_गिऱ्हाईक (बेळगाव)

वरचे सगळे वाचून थोडे अपराधी वाटले, कारण रस्त्यात गाडी थांबवून ‘द्यायची आहे का?’ असे विचारणाऱ्यांपैकी मी एक आहे. म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझी आरएक्स मी इचलकरंजीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडून घेतली. लग्नाच्या वरातीमुळे रस्ता अडला होता, ते गाडी बंद करून शेजारी उभे होते. मी विचारले, त्यांनी नाही म्हटले. मी माझे नाव आणि क्रमांक लिहून दिला, त्यांचा मागितला नाही. चौदा महिन्यांनी त्यांचा फोन आला की गुडघे दुखतात, किक मारवत नाही, तुम्हाला अजून हवी आहे का. ज्या गाड्या जाहिरातीत येतात त्या बहुतेक दलालांच्या हातून गेलेल्या असतात. चांगली गाडी घरात असते आणि तिच्या मालकाला ती विकायची आहे हे त्यालाही ठाऊक नसते. मग आमच्यासारख्यांनी विचारायचे कुठे?

व्यवहाराच्या वेळी त्यांनी जे केले ते इथे उपयोगी पडेल. गाडी राज्याबाहेर जाणार म्हणून नमुना २८ ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आधी काढली, माझ्या ओळखपत्राची प्रत घेतली, तारीख आणि वेळ घालून ताबापावती केली आणि ‘तुमच्या पाटीवर कर्नाटकाचा क्रमांक चढला की फोटो पाठवा’ असे बजावले. बेळगावात गाडी नावावर करायला मला दोन महिने लागले आणि कर भरावा लागला तो वेगळाच. या दोन महिन्यांत त्यांचे पाच फोन आले. त्या वेळी त्रास वाटला, पण कलम_पन्नास यांनी सांगितलेला खटला वाचून गुरुजींचे बरोबर होते हे पटले.

त्यामुळे नम्र विनंती एवढीच की विचारणाऱ्या प्रत्येकाला चोर समजू नये. स्वतःचा क्रमांक देतो, तुमचा मागत नाही आणि पहिल्या ‘नाही’वर बाजूला होतो, असा माणूस बहुधा गाडीवेडा असतो. त्याच्याशी दोन मिनिटे बोलायला हरकत नाही. मूळ रबरे कुठे मिळतात हे त्यालाच माहीत असते.

आठशे_अजून_चालते (नाशिक)

वाटेवरचा_गिऱ्हाईक यांच्या सज्जनपणाबद्दल शंका नाही, पण घरी एकटी असणाऱ्या बाईने सज्जन आणि दुर्जन ओळखण्याची परीक्षा का द्यावी? आमच्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे, एका हातातली आणि कमी फिरलेली. काचेवर वायपरखाली व्हिजिटिंग कार्ड मिळाले नाही असा आठवडा जात नाही. एकदा तर एका गृहस्थाने आमच्या सोसायटीच्या रखवालदाराकडून माझा फ्लॅट क्रमांक काढला होता.

आम्ही घरात ठरवून टाकले आहे की गाडीविषयी कोणी आले तर फाटकाबाहेरच बोलायचे आणि ‘मालक घरी नाहीत’ असे म्हणायचे नाही, कारण त्यातून घरी कोणी नाही हे कळते. ‘गाडी द्यायची नाही’ एवढेच सांगायचे. कारण सांगितले की समोरचा त्या कारणावर तोडगा काढतो. ‘मुलाची आठवण आहे’ म्हटले तर ‘दहा हजार वाढवतो’ म्हणतो. कागद सासूबाईंच्या खोलीतून काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले, गाडीत फक्त छायाप्रत असते आणि मोबाईलवर डिजीलॉकर आहे.

‘एक चक्कर मारून बघतो’ याला आमच्याकडे साफ नकार आहे. आमच्या ओळखीतल्या एकाची बुलेट अशाच चकरेवर गेली ती गेलीच. मागे राहिली ती त्या माणसाची जुनी चप्पल आणि रिकामी पिशवी, जी त्याने ‘सामान इथे ठेवतो’ म्हणून विश्वासाने ठेवली होती. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवून किल्ली मागणारेही असतात, खात्यात रक्कम दिसेपर्यंत किल्ली हातची सोडू नये.

आईंना दोष देऊ नका. आलेल्याला चहा देणे हा त्यांचा स्वभाव आहे आणि त्या दोघांना तो ठाऊक होता.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. थोडे उशिरा लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही होईपर्यंत थांबलो.

आरसी वडिलांच्याच नावावर होती आणि विमाही. कलम_पन्नास यांचे वाचून त्या दिवसापासून गाडी बाहेर काढणे बंद केले. पाटी बसवून घेतली, बहिणीचे आणि आईचे संमतीचे प्रतिज्ञापत्र झाले आणि नमुना ३१ चा अर्ज दाखल केला. आरटीओतील कारकुनांनी ‘दोन वर्षे काय करत होता?’ असे विचारले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दंड भरला. पोलीस ठाण्यात अर्जावर पोच मिळाली, मात्र ती देण्यापूर्वी तिथल्या हवालदारांनीही गाडी द्यायची आहे का, असे विचारलेच.

जुनी_किक यांनी सुचवल्याप्रमाणे आईला विचारले. त्या दोघांनी किक मारली नव्हती. गाडीवरचे कापडही काढले नव्हते.

गाडी विकण्याविषयी आई आता काही बोलत नाही. अर्जावर सही करताना ‘तुझ्या नावावर होऊ दे, मग बघू’ एवढेच म्हणाली. रंगाऱ्याला दिलेले पाचशे रुपये परत मागितले नाहीत. त्याच्याकडून अंगणाच्या फाटकाला रंग लावून घेतला. टाकी आहे तशीच आहे.